भाकरी काट्यावर: मधुमेह निघाल्यावर ताटात नेमकं काय बदलायचं

रक्ताच्या रिपोर्टात साखर निघाली की आपल्या बेळगाव भागात, खानापूर असो की निपाणी, पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी हमखास होतात. चहातली साखर जाऊन तिथं गूळ येतो, चपात्या बंद होऊन दोन्ही वेळेला जोंधळ्याची भाकरी सुरू होते, आणि शेजारचं कुणीतरी कारल्याचा रस सांगून जातं. महिन्याभरानं पुन्हा रक्त दिलं की उपाशीपोटीची साखर १६२ वरून जेमतेम १५८ वर आलेली असते. गोड सगळं सोडलं, रात्री एवढंसं जेवलो, मग सकाळी पोटात काही नसताना ही साखर आली कुठून?

ती यकृतातून आली. रात्री आपण झोपलो तरी मेंदूला साखर लागतेच, आणि ती पुरवण्याचं काम यकृताकडं असतं. किती सोडायची, कधी थांबायचं हा निरोप इन्शुलिन देतं. वर्षानुवर्षं अंगाला लागतं त्यापेक्षा जास्त खाणं झालं, मग ते गोड असो की नसो, की जादाच्या पिष्टाची (भात-भाकरीतल्या कार्बोहायड्रेटची) चरबी होऊन यकृतात साठते. चरबीनं भरलेलं यकृत इन्शुलिनचा निरोप जुमानत नाही. पुरे म्हटलं तरी साखर सोडत राहतं. पुढं हीच चरबी स्वादुपिंडात शिरते आणि इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मंदावतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या रॉय टेलर यांनी २००८ मध्ये ही मांडणी केली. नंतर त्यांच्यासह स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी ३०६ रुग्णांवर ती तपासून पाहिली. निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेली, इन्शुलिनवर नसलेली ही माणसं होती. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींचाच आहार दिला. २०१७ मध्ये निकाल आला तेव्हा त्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर वर्षभरानंतर औषधांशिवाय मधुमेहाच्या खाली होती. १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं.

म्हणजे मुद्दा गोडापाशी संपत नाही. यकृतातली चरबी उतरली पाहिजे, त्यासाठी वजन उतरलं पाहिजे, आणि त्यासाठी एकूण खाणं कमी झालं पाहिजे. काय खातो याइतकंच, आणि सुरुवातीला त्याहून जास्त, किती खातो हे महत्त्वाचं. ८५० कॅलरींचा प्रयोग मात्र घरी आपल्या मनानं करायचा नाही. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं कमी-बंद करून केलेला होता. घरच्या जेवणातून रोजच्या ४००-५०० कॅलरी काढल्या तरी काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो.

मी तर बारीकच आहे, असं म्हणणारेही पुष्कळ असतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी उभा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपलं शरीर असं फसवं आहे: हातपाय काटकुळे, पोट पुढं. म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ बीएमआय २५ नव्हे, २३ धरतात, आणि काट्याबरोबर टेपही लागते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडा, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सेंटिमीटर, यापुढं धोका. पँटचा नंबर यात धरू नका. ती पोटाखाली नेसलेली असते.

किती उतरवायचं? आज आहे त्याच्या १० टक्के हे पहिलं लक्ष्य ठेवा. ७८ किलोचा माणूस ७० वर यायला हवा. ५ टक्क्यांनीसुद्धा साखर आणि रक्तदाब दोन्ही हलतात. आठवड्याला अर्धा किलो हा वेग चांगला. पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन किलो झपकन जातात, त्यात बरंचसं पाणी असतं; त्यावर हुरळून जाऊ नये आणि पुढं वेग मंदावला म्हणून खचूही नये.

एक अपवाद इथंच सांगायला हवा. काहीही न करता वजन उतरत असेल, सारखी तहान लागत असेल, रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागत असेल, तर ते यश नव्हे. साखर लघवीवाटे वाहून चाललीय. आधी डॉक्टरांकडं जा, काटा-बिटा नंतर. औषध लागू पडल्यावर अशा माणसाचं वजन थोडं वाढतंसुद्धा, कारण वाया जाणारी साखर आता अंगाला लागते.

ताट बदलण्याआधी गोळ्यांची पाकिटं बघा

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांतलं एखादं नाव पाकिटावर असेल किंवा इन्शुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगणं सक्तीचं समजा. ही औषधं तुम्ही किती जेवलात ते बघत नाहीत, ती साखर उतरवतातच. भात निम्मा केला आणि गोळी तेवढीच राहिली की दुपारी अकरा-बाराला हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला, किंवा मीटर नसेल आणि ही लक्षणं असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. पेढा किंवा चॉकलेट यासाठी चालत नाही, त्यातल्या स्निग्धामुळं साखर रक्तात उशिरा पोचते. पेरणी-मळणीच्या दिवसांत शेतात राबणाऱ्यांना हे जास्त होतं, कारण उन्हाळ्यात बसून असताना ठरलेला डोस मृगात कष्टाच्या अंगाला जड पडतो. शेतावर जाताना खिशात साखरेची पुडी असू द्या.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही दुसरी जात. ती साखर लघवीवाटे काढतात. ती चालू असताना कडक उपवास किंवा भाकरी-भात पूर्ण बंद करणं धोक्याचं आहे. मीटरवर साखर फार जास्त नसतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप असं काही वाटलं तर थेट दवाखाना. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम पडण्याची भीती फारशी नसते. बीपीच्या गोळ्याही वजन उतरल्यावर अंगाला जास्त होतात. उठताना चक्कर येऊ लागली की ते कारण असू शकतं.

आता भाकरी

डॉक्टरांनी दिलेला छापील तक्ता आपल्याकडं फारसा चालत नाही. रिपोर्ट इंग्रजीत, समजावणं कन्नडात आणि स्वयंपाक मराठीत, त्यात तक्त्यावर ओट्स आणि ब्रोकोली. तो तक्ता फ्रिजवर चिकटतो आणि ताटात भाकरीच येते. मग भाकरीचाच हिशेब नीट करू.

१०० ग्रॅम जोंधळ्याच्या पिठात पिष्ट साधारण ६८ ग्रॅम. गव्हाच्या पिठात ६४, नाचण्याच्या पिठात ६७, तांदळात ७८. बघा, जोंधळा आणि गहू यांत फरक काहीच नाही. तंतू दोन्हींत दहा-अकरा ग्रॅम, तांदळात तीनच्या आत. त्यामुळं खानापूर बाजूच्या तांदळाच्या भाकरीऐवजी जोंधळा किंवा नाचणा घेतला तर जरूर फायदा आहे. पण चपातीऐवजी भाकरी घेऊन साखर उतरेल ही आशा आकड्यांत बसत नाही. भाकरी हे औषध नाही. ते धान्य आहे, आणि ते मोजून खायचं आहे.

मोजायचं कसं? स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आणा. रोजच्यासारखं पीठ परातीत घ्या, पाणी घालण्याआधी तोला, मग नेहमीच्या हातानं भाकऱ्या थापा आणि किती झाल्या ते मोजून भागा. मळलेला गोळा तोलू नका; गरम पाण्यानं त्याचं वजन जवळपास दुप्पट होतं. हाताच्या सवयीप्रमाणं एका भाकरीत ८० ग्रॅमपर्यंत पीठ सहज जातं. ८० ग्रॅमच्या भाकरीत पिष्ट ५४ ग्रॅम आणि कॅलरी सुमारे २६५. तीच भाकरी ५० ग्रॅमची केली तर पिष्ट ३४ आणि कॅलरी १६५ च्या आसपास. दिवसाला चार भाकऱ्या खाणाऱ्यानं फक्त भाकरी पातळ केली, संख्या तीच ठेवली, तर रोजच्या ४०० कॅलरी गेल्या. पुढं चाराच्या दोनावर यायचं आहेच, पण सुरुवात इथून केली तर घरात भांडण होत नाही. ५० ग्रॅम पीठ एकदा तोलून घरातल्या ज्या वाटीत बसतं तिथं रेघ मारून ठेवा. मग काटा रोज लागत नाही.

कडक भाकरीचं गणित वेगळं. ती पातळ म्हणून हलकी वाटते, चहाबरोबर आणि चटणीबरोबर एकामागून एक मोडली जाते. पाणी उडालेलं असलं तरी पीठ आहे तेवढंच आहे. दोन कडक भाकऱ्या म्हणजे घरची एक धरा.

भाताचं माप वाटीनं. शिजलेला भात एक वाटी, दाबून न भरलेला, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम पिष्ट, जवळजवळ एका ५० ग्रॅमच्या भाकरीइतकं. म्हणून एका जेवणात भाकरी किंवा भात, दोन्ही नव्हे. येळ्ळूरच्या शिवारातला बासमती घरचा आहे म्हणून यातून सुटत नाही. दोन्हीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटतच नसेल तर अर्धी भाकरी आणि अर्धी वाटी भात. कुकरमधला भात पातेल्यात करून पेज काढून टाकल्यानं थोडं पिष्ट जातं, थोडंच. त्या भरवशावर दुसऱ्यांदा वाढून घेऊ नका.

निम्मी भाकरी गेली, तिथं काय आलं

बरेचसे लोक इथंच फसतात. भाकरी कमी केली, तिच्या जागी काही आलं नाही, पाच वाजता भूक खवळली आणि भडंगाचा डबा रिकामा झाला. चुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळच. त्यात तेल आणि शेंगदाणे.

मोकळी जागा भरायची डाळ-कडधान्यानं आणि भाजीनं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासात, नव्यानं मधुमेह निघालेल्यांची साखर आटोक्यात येण्यासाठी रोजच्या कॅलरींपैकी पिष्टातून ४९ ते ५४ टक्के आणि प्रथिनांतून १९ ते २० टक्के याव्यात असं निघालं. आपल्या नेहमीच्या ताटात पिष्ट ६० ते ७५ टक्के असतं. सकाळी ताटभर पोहे, तीन साखरेचे चहा, दोन्ही वेळेला दोन जाड भाकऱ्या आणि वर भात, संध्याकाळी चुरमुरे, असं एक दिवसाचं पिष्ट मोजलं तर ते ४०० ग्रॅमजवळ जातं. १५०० कॅलरींच्या आहारात ते १९० च्या आसपास असायला हवं.

प्रथिनांचा ठोकताळा: वजनाच्या दर किलोला सुमारे एक ग्रॅम. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच. एका अंड्यात ६ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ७, ३० ग्रॅम सोया चंक्समध्ये १५, वाटीभर दह्यात ४-५, शिजलेल्या १०० ग्रॅम कोंबडीत २५. आमटीवर इथं थांबून बोलायला हवं. आपली आमटी चवीला झणझणीत असते आणि डाळीनं गरीब. कटाची आमटी तर डाळीचं पाणीच. दोन वाट्या आमटी ओरपली म्हणजे डाळ खाल्ली असं होत नाही. पळी तळाशी घाला. त्यापेक्षा मटकी, मसूर, चवळी, हुलगे यांची घट्ट उसळ बरी. माणशी ४० ग्रॅम कोरडं कडधान्य भिजवा, मोड आणा, रस्सा पळीभरच ठेवा. कडधान्यातही पिष्ट असतं, पण ते सावकाश पचतं आणि पोट धरून ठेवतं.

भाजी दर जेवणाला दोन वाट्या: वांगी, दोडका, गवारी, कोबी, मेथी, शेपू, अंबाडी. बटाटा आणि रताळं यांत धरायचे नाहीत, ते भाताच्या खात्यात. खाण्याचा क्रमही कामाचा आहे. आधी भाजी आणि कोशिंबीर, मग उसळ, भाकरी शेवटी. तेच जेवण उलट क्रमानं खाल्लं तर साखर जास्त चढते.

तेल मोजताना चमच्यापेक्षा डबा बरा. एक पोह्याचा चमचा, १५ मिलिलिटर, म्हणजे १२० कॅलरी. फोडणी, भरल्या वांग्याचा तवंग, चटणीवरची धार हे जेवताना कुणी मोजत नाही. म्हणून महिन्याच्या एक तारखेला तेलाचा डबा फोडताना झाकणावर तारीख घाला. चौघांच्या घरात दोन लिटर महिनाभर पुरलं पाहिजे. सतरा-अठरा तारखेला तळ दिसला तर वजन का उतरत नाही ते कळलं. शेंगदाण्याचं कूट त्याच जातीचं: मूठभर, ३० ग्रॅम, दाण्यात १७० कॅलरी. दाणे वाईट नाहीत, पण टीव्हीपुढं मूठ एक राहत नाही.

नेहमीचे चकवे

गूळ आणि मध रक्तात साखरच होतात. गुऱ्हाळावरचा असो की सेंद्रिय. उसाच्या रसाच्या ग्लासात ३० ग्रॅमच्या वर साखर असते, आलं-लिंबू पिळलं तरी. 'शुगर फ्री' बिस्किटांत मैदा आणि तूप-तेल असतं, साखर तेवढी नसते.

नाचण्याची आंबील चांगली म्हणून सकाळी दोन पेले पिणारे असतात. नाचण्यात तंतू आहेत हे खरं, पण बारीक दळून, शिजवून, पातळ केलेलं पिष्ट चावावं लागत नाही आणि भराभर रक्तात जातं. तोच नाचणा भाकरीत, भाजीबरोबर, जास्त बरा. आंबील हवीच तर दोन चमचे पिठाची, ताकातली, आणि तिला नाश्ता म्हणा, वरचं पेय नव्हे.

एकादशीला साबुदाणा, बटाटा, रताळं आणि दाणे हे चारही एका ताटात येतात. उपवासाच्या नावाखाली भरपूर पिष्ट त्या दिवशी पोटात जातं. उपवास धरायचाच तर ताक, दही, काकडी, एखादं फळ असा धरा, आणि गोळ्यांचं आधी विचारून घ्या. कारलं, मेथ्या खायला हरकत नाही, त्यांच्या जिवावर गोळी मात्र सोडू नका.

जत्रेचं मटण हा बिचारा विनाकारण बदनाम. मटणाच्या फोडी चार-पाच खा. साखर चढवतो तो त्याबरोबरचा भात, आणि कॅलरी येतात रस्स्यावरच्या तवंगातून. कुंदा, आपली खव्याची मिठाई, समोर आलाच तर एक चमचा, जेवणाच्या शेवटी, आणि त्या जेवणात भात नाही. रिकाम्या पोटी, पाहुण्यांच्या घरी, चहाबरोबर तोच कुंदा दुप्पट बाधतो. गोकाकचा करदंट सुक्या मेव्याचा म्हणून पौष्टिक समजतात. त्याला धरून ठेवतो तो गूळच.

चालणं, आणि आकडे कसे वाचायचे

सकाळी किल्ल्याच्या तलावाला तासभर फेऱ्या मारून दिवसभर दुकानात बसण्यापेक्षा, प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं साखरेला जास्त लागू पडतं. हलणारे स्नायू इन्शुलिनची वाट न बघता रक्तातली साखर उचलतात. दोन्ही जमलं तर उत्तमच. नुसत्या चालण्यानं वजन मात्र फारसं उतरत नाही: अर्ध्या तासाच्या चालण्यात सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात, आणि परत येताना एक प्लेट मिरची भजी त्याहून जास्त देते. आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, दहा-दहाच्या तीन फेऱ्या, एवढं तरी करा, नाहीतर उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. पायांना मुंग्या येत असतील किंवा बधिर वाटत असेल तर अनवाणी चालू नका.

मीटर घरी असेल तर उगाच रोज उपाशीपोटी टोचून घेण्यापेक्षा जोडीनं मोजा: जेवणाआधी एकदा, पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा. जेवणाआधी ८० ते १३०, नंतर १८० च्या आत असं बहुतेकांसाठी लक्ष्य असतं. आज पोह्यांनंतर, उद्या दोन अंडी आणि अर्ध्या भाकरीनंतर, परवा आंबिलीनंतर. आठ-दहा पट्ट्यांत तुमच्या अंगाला काय सोसतं ते कुठल्याही तक्त्यापेक्षा नीट कळतं.

एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, तीन महिन्यांनी करा, त्याआधी नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि ही तपासणी त्यांना चिकटलेली साखर मोजते, म्हणून महिन्याभराची मेहनत तिच्यात पुरती उतरत नाही. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटाच जास्त येऊ शकतो. बायकांनी बरोबर हिमोग्लोबिनही बघावं. एचबीए१सीचा आकडा ६.५ च्या खाली, औषधं बंद होऊन किमान तीन महिने तसाच राहिला, तर त्याला मधुमेह माघारी गेला म्हणतात. गेला, पण गाव सोडून नाही. वजन परत चढलं की तोही परततो. त्यामुळं साखर सरळ असली तरी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि तळपाय तपासून घ्यायचे, आणि एचबीए१सी सहा महिन्यांनी.